अकरा पाकिटे : जनुकीय चाचणीचा निकाल नातेवाइकांना कळवताना

१८ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. उपचारांबद्दल अनेकांनी लिहिलेले आहे आणि त्या लेखनाचा मला त्या दिवसांत फार आधार झाला. मी लिहिते आहे ते एका वेगळ्या टप्प्याविषयी. माझ्या रक्तात सापडलेली एक गोष्ट माझ्या भावंडांच्या, चुलत-आते भावंडांच्या आणि त्यांच्या मुलांच्याही रक्तात असू शकते हे कळल्यावर ती कोणाला, कधी आणि किती सांगायची, हे ठरवण्यात आणि पार पाडण्यात माझे सव्वा वर्ष गेले.

माझी गाठ ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारची, म्हणजे हार्मोनवर आधारलेली नेहमीची औषधे जिच्यावर चालत नाहीत अशी, निघाली. अशा वेळी, विशेषतः वय कमी असेल तर, बीआरसीए जनुकांची (ज्यांतला बिघाड पुढच्या पिढीत उतरतो आणि स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो त्यांची) चाचणी करून घ्यायला सांगतात, कारण शस्त्रक्रिया किती मोठी करायची आणि पुढे कोणती औषधे चालतील हे त्या निकालावरही अवलंबून असते. केमो सुरू होण्याआधी, ४ सप्टेंबरला, मला पुण्यातल्याच एका रुग्णालयात जनुकीय समुपदेशक मॅडमकडे पाठवण्यात आले. त्या भेटीचे १,५०० रुपये वेगळे होते. मी बाही वर करूनच बसले होते, पण त्यांनी आधी एक कोरा कागद पुढे ओढला आणि आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या काढायला घेतल्या. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, माणूस हयात नसेल तर त्यावर तिरकी रेघ, कर्करोग झाला असेल तर आकृती आतून काळी, आणि माझ्या वर्तुळाकडे रोखलेला एक छोटा बाण.

आमचे मूळ गाव मिरज तालुक्यातले. माझ्या लहानपणी सुगीनंतर हेळवी दारात येऊन आमच्या घराण्याची वंशावळ म्हणून दाखवत असे. त्या नावांत मुलींची नावे ऐकल्याचे मला आठवत नाही, आणि आता नेमकी तीच हवी होती. मोठ्या आत्याच्या वर्तुळापाशी मी अडले. ती १९९६ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली आणि तिला ‘पोटात पाणी झाले होते’ एवढेच घरात बोलले जाई. मी तिथूनच आतेभावाला फोन केला. त्याने दोन दिवसांनी जुन्या ट्रंकेतून एक पिवळा पडलेला केस पेपर काढून त्याचा फोटो पाठवला. त्यावर निळ्या शाईत ‘ओव्हरी’, म्हणजे बीजकोश, हा शब्द स्पष्ट वाचता येत होता. सत्तावीस वर्षे कोणी न उच्चारलेला आत्याचा आजार माझ्या कामासाठी उघडला गेला, याचे मला तेव्हा फारसे काही वाटले नाही. पुढे माझ्याच बाबतीत तसे घडले तेव्हा तो कागद पुन्हा डोळ्यांसमोर आला.

रक्त एका जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतले. चाचणीचे २४,००० रुपये रोख भरले. आमच्या विम्यात ते बसले नाहीत. त्याआधी पाच पानांचे संमतिपत्र होते आणि त्यात तीन प्रश्न असे होते की ज्यांच्यापाशी प्रत्येकाने थांबायला हवे. चाचणीत दुसऱ्याच एखाद्या आजाराची माहिती निघाली तर ती तुम्हाला हवी आहे का, उरलेला नमुना संशोधनासाठी वापरू द्याल का, आणि निकाल तुमच्याखेरीज कोणाला सांगितलेला चालेल. तिसऱ्या प्रश्नापुढे मी फक्त यजमानांचे नाव लिहिले आणि निश्चिंत झाले. नोंदणीच्या वेळी खिडकीवर कोणाचा मोबाइल नंबर दिला होता, हे पाहायचे मला सुचले नाही. बायॉप्सीच्या दिवशी पैसे भरायला माझे दीर उभे होते, तेव्हा त्यांचाच नंबर माझ्या नावावर चढला होता.

निकालाला चार आठवडे लागतील असे सांगितले होते. ६ ऑक्टोबरला संध्याकाळी भाऊजींचा फोन आला आणि ते चाचरत म्हणाले, “वहिनी, तुमचा काहीतरी रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर आलाय. मी उघडला, मला वाटलं बिल असेल.” मी रिपोर्ट पाहण्याआधी तो त्यांनी पाहिला होता, त्यांच्या बाजूला बसलेल्या सासूबाईंनी ऐकला होता आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत नणंदेलाही कळला होता. त्यांच्यापैकी कोणीही वाईट हेतूने वागले नाही, आणि सासूबाई तर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या. तरीही मी रात्रभर जागी होते. ज्यांचा त्या जनुकाशी रक्ताने संबंध नाही अशा तिघांना बातमी कळली होती आणि ज्यांच्या शरीराचा तो प्रश्न होता त्या माझ्या माहेरच्या माणसांना त्याचा पत्ताही नव्हता. शिवाय सासरी माझी पंधरा वर्षांची मुलगी होती आणि सगळ्यांच्या नजरा आता तिच्याकडे वळल्या होत्या.

मी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी तक्रार दिली. नोंदणी अर्जाची प्रत मागितली, माझा रिपोर्ट कोणकोणत्या नंबरांवर आणि ईमेलवर गेला त्याची यादी मागितली, आणि पुढचे सर्व कागद फक्त माझ्या हाती द्यावेत असे लिहिले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला. एकवीस दिवसांनी दिलगिरीचे पत्र आले आणि नंबर बदलला गेला. संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याच वर्षी मंजूर केला होता, पण त्याचे नियम तेव्हा निघायचे होते, म्हणून तक्रारीत मी वैद्यकीय गोपनीयतेच्या जुन्या नियमांचाच आधार घेतला. भाऊजींनी माझ्यासमोर रिपोर्ट काढून टाकला, डाउनलोडमधली प्रतही पुसली. माझी एवढीच विनंती आहे की रक्त देण्याआधी खिडकीवर जाऊन ‘माझ्या नावापुढे कोणता नंबर आहे’ हे विचारून घ्यावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

९ ऑक्टोबरला मॅडमनी निकाल समजावून सांगितला. बीआरसीए-१ या जनुकात रोगकारक बदल होता. नेमका कोणता ते मी इथे लिहीत नाही, कारण ती खूण माझ्या एकटीची नाही. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असते आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असेल तर ती प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो की मुलगी. स्तनाचा कर्करोग म्हणजे ‘आईकडचा’ असे मी धरून चालले होते. वडीलही तो बदल पुढे देऊ शकतात हे मला तोवर माहीत नव्हते. असा बदल असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के आणि बीजकोशाचा होण्याची सुमारे ४० टक्के असते. मात्र आधी कळले तर पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, मुले झाल्यावर, बीजकोश व बीजवाहिन्या काढून घेणे असे मार्ग असतात. मोठ्या आत्याच्या काळात ते नव्हते, आणि हे जनुकच १९९४ साली ओळखले गेले.

मी मॅडमना म्हटले, “तुम्हीच माझ्या भावाबहिणीला फोन करून सांगा ना. माझ्याच्याने नाही होणार.” त्यांनी शांतपणे नाही म्हटले. माझी माहिती त्या स्वतःहून कोणाला सांगू शकत नव्हत्या, आणि मी परवानगी दिली तरी अनोळखी डॉक्टरकडून अचानक आलेला असा फोन माणसाला घाबरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्या मला पत्र तयार करून देणार होत्या, नातेवाईक स्वतःहून आले तर त्यांच्याशी बोलणार होत्या, पण दार उघडायचे ते मीच.

मी न्यायालयाच्या कचेरीत काम करते, त्यामुळे काही शंका आली, तर निकालपत्र वाचण्याची मला सवय आहे. केमोच्या त्या महिन्यांत, हाताला सुई नसेल तेव्हा, मी हेच वाचत बसे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने रुग्णाची गुपिते उघड करायची नाहीत. न्यायाधीशांनी न्यायालयात विचारले तर, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि निश्चित धोका असेल तर, आणि नोंद करणे सक्तीचे असलेल्या आजारांत, एवढेच अपवाद आहेत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशा एका गृहस्थाचे प्रकरण आले होते की ज्याला एचआयव्ही असल्याचे रुग्णालयाकडून कळल्याने त्याचे ठरलेले लग्न मोडले; नियोजित वधूच्या जिवाला धोका होता म्हणून न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. फ्रान्समध्ये २०११ पासून आपल्या नातेवाइकांना कळवण्याची जबाबदारी कायद्यानेच रुग्णावर टाकली आहे आणि रुग्णाला स्वतः सांगायचे नसेल तर डॉक्टर त्याचे नाव न घेता कळवू शकतात. इंग्लंडमध्ये २०२० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने एका मुलीचा दावा फेटाळला. तिच्या वडिलांना हंटिंग्टन हा आनुवंशिक आजार होता, ती गरोदर होती, आणि वडिलांनी मनाई केल्यामुळे डॉक्टरांनी तिला सांगितले नाही. पुढे तिलाही तोच आजार असल्याचे निघाले. न्यायालयाने म्हटले की रुग्णाची गोपनीयता आणि मुलीचे हित यांचा तोल पाहणे हे डॉक्टरांचे कर्तव्य होते, मात्र त्यांनी घेतलेला निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. त्या मुलीविषयी वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. माझ्या डॉक्टरांना असा तोल पाहण्याची वेळ मी येऊ देणार नाही, हे त्या दुपारी नक्की झाले.

दिवाळीत कोणाला काही सांगायचे नाही असे मी ठरवले. दिवाळीनंतर आई पुण्याला आली. हा बदल आईकडून आला की वडिलांकडून हे कळल्याशिवाय पत्रे मामा-मावश्यांना पाठवायची की काका-आत्यांना, हे ठरत नव्हते. वडील २०११ साली गेले. आईचे वय चौऱ्याहत्तर. तिला मॅडमनी एकटीला आत बोलावून सगळे समजावले आणि तिच्या इच्छेनेच रक्त घेतले. बदल आधीच माहीत असला की तेवढीच एक जागा तपासायची असते, म्हणून तिच्या चाचणीला ५,५०० रुपये लागले आणि निकाल तीन आठवड्यांत आला. आईकडे तो बदल नव्हता. तिने माझा हात घट्ट धरून दोनदा विचारले, “म्हणजे माझ्याकडून नाही ना आलं?” मग रिक्षात बसल्यावर, स्वारगेटच्या सिग्नलपाशी, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ते असते तर त्यांना किती लागलं असतं गं मनाला.” त्यानंतर घरी येईपर्यंत आम्ही दोघीही बोललो नाही.

जानेवारीत पत्र तयार झाले. मॅडमकडचा मसुदा इंग्रजीत होता. माझ्या आत्याला तो कळला नसता म्हणून आम्ही दोघींनी बसून मराठी केला. त्यात काय घालायचे यापेक्षा काय वगळायचे यावर जास्त वेळ गेला. माझा आजार कोणत्या पायरीवर आहे, कोणती शस्त्रक्रिया ठरली आहे, आईचा निकाल काय, आत्याच्या केस पेपरवर काय होते, यातले काहीही नातेवाइकांना आपली चाचणी करण्यासाठी लागत नाही. लागते ते जनुकाचे नाव, बदलाची अचूक खूण, प्रयोगशाळा आणि निकालाची तारीख. म्हणून प्रत्येकाला एका पाकिटात दोन कागद असे ठरले. वरचे पत्र एक पानाचे, ज्यात एवढेच होते की आपल्या घराण्यात एक आनुवंशिक बदल आढळला आहे, त्याची चाचणी करता येते, करायची की नाही हा पूर्णपणे तुमचा निर्णय आहे आणि आधी समुपदेशकांना भेटा. सविस्तर माहिती आतल्या वेगळ्या, चिकटवलेल्या पाकिटात. ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याने ते फोडू नये. न जाणण्याचाही हक्क असतो हे मला मॅडमनी शिकवले आणि ते पटायला मला वेळ लागला, कारण आजारी माणसाला वाटत असते की सगळ्यांनी उद्याच तपासून घ्यावे.

सज्ञान आणि रक्ताच्या अशा माणसांची यादी अकरा जणांची झाली. माझ्या मुलीचे नाव त्यात नव्हते, कारण प्रौढपणी होणाऱ्या आजारासाठी लहान मुलांची चाचणी करत नाहीत. ती मोठी झाल्यावर स्वतः ठरवील. तिला मात्र मी सगळे सोप्या शब्दांत सांगितले, कारण बंद दारामागच्या कुजबुजीतून कळण्यापेक्षा ते बरे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिली पाकिटे गेली. दादाला मी समोर बसून दिले. त्याने पहिला प्रश्न विम्याचा विचारला आणि तो योग्यच होता. अर्जातल्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यावी लागतात, तेव्हा विम्याचा विचार रक्त देण्याआधीच करून ठेवावा, असे मॅडमनी त्याला सांगितले. त्याने पुढे काय केले ते मी लिहीत नाही. बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते. तिथल्या सरकारी सेवेत तिची चाचणी विनामूल्य झाली, पण त्याआधी त्यांनी माझा रिपोर्ट मागितला आणि तो वापरण्यासाठी माझ्या सहीचे संमतिपत्रही मागितले. रिपोर्टची साक्षांकित प्रत काढायला माझे चार दिवस गेले. नियमाप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, ते अर्जातच लिहिले की काम लवकर होते. बहिणीकडे तो बदल नाही. हे मी तिच्या परवानगीने लिहिते आहे. धाकट्या आत्याने पाकीट देवघरात ठेवले आणि ‘बघू’ म्हणाली. मी पुन्हा विचारलेले नाही.

सर्वांत अवघड गेले ते अण्णाचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचे. काका हयात नाहीत. त्यांच्याकडे तो बदल असण्याची शक्यता ५० टक्के धरली तर अण्णाकडे २५ आणि त्याच्या मुलींकडे साडेबारा टक्के. मुली तेव्हा सव्वीस आणि तेवीस वर्षांच्या होत्या. अण्णाने वरचे पत्र वाचून मला त्याच रात्री फोन केला. “अगं, तू आजारी आहेस, स्वतःची काळजी घे. पण असं लेखी काही फिरवू नकोस. थोरलीचं बघायला सुरुवात केलीय. उद्या एखाद्या स्थळाच्या कानावर गेलं तर?” मला त्याचा राग आला नाही. आमच्याकडे मुलीच्या मामाला साधे कोड असले तरी बैठक मोडल्याचे मी पाहिलेले आहे. त्याने स्वतः तपासून घेतले आणि निकाल नकारार्थी आला तर मुलींचा प्रश्नच मिटतो, हेही मी सांगून पाहिले. तो तयार नव्हता.

इथे मी पाच महिने अडकले. मार्चमध्ये माझी शस्त्रक्रिया झाली, एप्रिल-मे बरे होण्यात गेले, आणि जखम भरत असताना डोक्यात हेच चालू असे. मुली सज्ञान आहेत, शरीर त्यांचे आहे. पण थोरलीने तपासून घेतले आणि तिच्यात तो बदल निघाला, तर अण्णाला न विचारता अण्णाचाही निकाल लागतो, कारण तिला तो त्याच्याकडूनच आलेला असणार. एकाचा जाणण्याचा हक्क पाळला की दुसऱ्याचा न जाणण्याचा मोडतो, आणि दोघे एकाच घरात एकाच टेबलावर जेवतात. मॅडमना विचारले तर त्यांनी उत्तर दिले नाही, फक्त विचारले, “यातली तुमची स्वतःची माहिती कोणती?” त्या प्रश्नाने माझे पाऊल सुटले. अण्णाविषयी मला काहीच माहीत नव्हते आणि सांगायचेही नव्हते. माझ्याविषयी मात्र मला माहीत होते, आणि ते माझ्या भाच्यांना सांगायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

तरी त्याच्या पाठीमागे काही करायचे नव्हते. जुलैमध्ये मी गावी जाऊन अण्णाला हे असेच, याच शब्दांत सांगितले. तो बराच वेळ अंगणातल्या नळाखाली पाय धूत राहिला आणि मग म्हणाला, “पाठव. पण लग्नाच्या पत्रिकेसारखं पोस्टाने नको. हातात दे.” मी पुण्यात दोघींना वेगवेगळे भेटून पाकिटे दिली. धाकटी म्हणाली, “म्हणजे ते अँजेलिना जोलीचं, त्या हॉलिवूड नटीच्या बातमीतलं जनुक?” आणि तिथेच बसून दोन्ही कागद वाचून काढले. थोरलीने पाकीट न फोडता पर्समध्ये ठेवले. नवव्या दिवशी तिचा फोन आला. तिला मॅडमचा नंबर हवा होता. “आत्या, मी जाऊन येते. पण काय कळलं ते मी तुला सांगेनच असं नाही. चालेल?” मी चालेल म्हटले.

जानेवारी २०२५ मध्ये माझी तपासणीची भेट होती. मॅडमनी आमच्या घराण्याचा तो कागद काढला आणि नोंदींत काही भर आहे का असे विचारले. बहिणीच्या निकालाची प्रत मी तिच्या संमतीने आणली होती, ती त्यांनी लावून घेतली. थोरली त्याच खोलीत, कदाचित याच खुर्चीवर येऊन गेली असेल, हे मला ठाऊक होते आणि मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळते का ते पाहण्याचा मोह मला झाला. मी तसे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हते. “भाचीबद्दल मला काही सांगायचे नाही,” मी म्हटले. त्यांनी मान हलवली आणि पान उलटले.

संक्रांतीला थोरली घरी आली. तिने तिळगूळ दिला, नव्या नोकरीबद्दल सांगितले, माझ्या मुलीची वेणी घातली आणि जाताना मला जरा जास्त वेळ मिठी मारली. माझ्याकडच्या प्रतीत तिचे वर्तुळ कोरे आहे.